हाताची घडी, तोंडावर बोट



लहान मुलांच्या शिक्षणाचा ज्यांनी मुळापासून विचार केला, त्यांतल्या बहुतेकांनी आपल्या जागेला शाळा म्हणायचं टाळलं. फ्रोबेलनं १८४० मध्ये जर्मनीत नाव शोधलं ते किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत जे सुरू केलं त्याच्या नावाचा अर्थ मुलांचं घर. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला काढलं ते बालमंदिर. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला आल्या आणि आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर बालवाडीच त्यांच्या दारात घेऊन गेल्या. त्यातून शब्द आला अंगणवाडी. बाग, घर, मंदिर, अंगण. चौघांपैकी एकालाही शाळा हा शब्द हाताशी असून घ्यावासा वाटला नाही. आज आपण या जागांना काय म्हणतो? नर्सरी, ज्युनिअर केजी, सीनिअर केजी. केजीतल्या ‘जी’चा अर्थ बाग आहे, हे कुणाच्या गावीही नसतं, शिल्लक उरलंय ते ज्युनिअर आणि सीनिअर, कचेरीतल्या कारकुनांसारखं. साडेचार वर्षांचं मूल सीनिअर! नाव बदललं म्हणून सगळं बिघडलं असं मी म्हणणार नाही, पण नाव बदलताना काय निसटलं ते मात्र आज बघायचं आहे.

माझं म्हणणं एकच आहे. तीन ते सहा या वयातलं मूल मुख्यतः दोन वाटांनी शिकतं. हातात काहीतरी असताना शिकतं, आणि त्याच वेळी कुणीतरी मोठं माणूस त्याच्याशी बोलत असताना, म्हणजे त्याचं ऐकून त्याला उत्तर देत असताना शिकतं. या दोन गोष्टी एकत्र आल्या की घर असो वा अंगणवाडी, शिक्षण चालू असतं. त्या तुटल्या की भिंती कितीही रंगवल्या तरी ते थांबतं. म्हणून बालवाडी चांगली की वाईट हे ठरवायची माझी कसोटी साधी आहे: तासाभरात तिथलं मूल किती बोललं? त्याच्या वहीत काय आहे, हा प्रश्न दुय्यम. आणि आपल्याकडे, मराठी माध्यम असो की इंग्रजी, मुलाला वर्गात शिरल्याबरोबर पहिला धडा कोणता मिळतो? हाताची घडी, तोंडावर बोट. शिकण्याची जी दोन साधनं घेऊन मूल आलेलं असतं, त्या दोन्हींना आपण एकाच वाक्यात कुलूप लावतो.

बोलण्याला एवढं महत्त्व का द्यायचं? काही वर्षांपूर्वी जगभर एक आकडा फार गाजला. अमेरिकेतल्या कॅन्सस शहरात हार्ट आणि रिस्ली यांनी ४२ कुटुंबांची नोंद ठेवली आणि १९९५ मध्ये असा हिशेब मांडला की गरीब घरातलं मूल चार वर्षांचं होईतो सुस्थितीतल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतं. आकडा मोठा, लक्षात राहणारा, आणि थोडा घातकही, कारण त्यातून गरीब आयांवर ठपका आला. पुढे इतरांनी मोजणी केली, आजूबाजूची माणसं आपसांत बोलतात तेही धरलं, तेव्हा ही दरी तेवढी रुंद दिसेना. मला त्या वादापेक्षा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा अभ्यास अधिक बोलका वाटतो. चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांच्या घरचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं गेलं आणि नंतर गोष्ट ऐकताना त्या मुलांच्या मेंदूत काय हालचाल होते ते तपासलं गेलं. मुलाच्या कानावर किती शब्द पडले यापेक्षा मोठ्या माणसाशी त्याची बोलण्याची देवघेव किती वेळा झाली, याचा संबंध मेंदूतल्या भाषेच्या भागाशी जास्त स्पष्ट दिसला. घरचं उत्पन्न हिशेबात घेऊनही तो टिकला. छत्तीस मुलं म्हणजे काही फार नव्हेत आणि एका अभ्यासावर कुणी इमला बांधू नये. पण ‘ऐकवणं’ आणि ‘बोलणं’ यांतला जो फरक तो दाखवतो, तो आपल्या रोजच्या अनुभवाशी जुळतो. टीव्ही दिवसभर शब्द ऐकवतो. मुलानं काही विचारलं तर मात्र तो थांबत नाही.

आता गणिताकडे येऊ, कारण बोलण्याचा मुद्दा भाषेपुरताच आहे असा समज होण्याची शक्यता आहे. ‘आमच्या बाळाला शंभरपर्यंत अंक येतात’ हे पालकांचं आवडतं वाक्य. मराठीत शंभरपर्यंत म्हणणं हा खरोखर पराक्रम आहे, पण तो पाठांतराचा. आपले संख्याशब्द विलक्षण अवघड आहेत. २५ लिहिताना दोन आधी येतात, म्हणताना पाच आधी. २९ म्हणजे एकोणतीस, एक उणा तीस; ज्या मुलानं अजून तीस गाठलेलेच नाहीत त्याला तिसातून एक वजा केल्याचा शब्द म्हणावा लागतो. (बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकानं २०१९ मध्ये ‘वीस एक, वीस दोन’ असं म्हणून पाहायची वाट दाखवली तेव्हा केवढा गदारोळ झाला, अडचण खरी आहे एवढं तरी मान्य करायला कुणाचं काही बिघडलं नसतं.) तर शंभरपर्यंतचं पाढ्यासारखं म्हणणं आणि संख्येची समज या वेगळ्या गोष्टी आहेत. समज कशानं येते? अमेरिकेत रमणी आणि सीगलर या दोन संशोधकांनी गरीब वस्तीतल्या सुमारे सव्वाशे मुलांना एक खेळ दिला. एका रांगेत १ ते १० आकड्यांची घरं आणि फिरवायची एक चकती. आपल्या सापशिडीचं धाकटं भावंड म्हणा. मूल तीनच्या घरावर आहे आणि चकतीवर दोन आले, तर सोंगटी हलवताना त्यानं ‘चार, पाच’ असं म्हणायचं. ‘एक, दोन’ नाही, चार, पाच. पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठका, तेही दोन आठवड्यांत. एवढ्यावर त्या मुलांची संख्यांची समज लक्षणीय वाढली, आणि नऊ आठवड्यांनी पाहिलं तेव्हाही टिकून होती. दुसऱ्या गटाला तोच खेळ रंगांच्या घरांचा दिला. तिथे हा फरक पडला नाही. सोंगटी हातात आहे, संख्या तोंडात आहे, समोर चूक दुरुस्त करणारं मोठं माणूस आहे. शिकवणी म्हणावी असं यात काहीही नव्हतं.

आणि याला खेळाचा पटही लागत नाही. थंडीत मटार सोलायला बसलेल्या घराकडे पाहा. चार वर्षांची मुलगी शेंग हातात घेते, शिवणीवर अंगठा दाबते, शेंग फुटत नाही, पुन्हा दाबते. ‘हिच्यात किती असतील?’ ‘दहा.’ ‘बघ बरं उघडून.’ निघतात सहा, आणि टोकाला एक एवढासा, वाढलेलाच नाही असा. तो धरायचा की नाही? इथे जो वाद सुरू होतो तो गणिताचा आहे, थोडा तर्कशास्त्राचाही. अंदाज, पडताळा, मोजणी, ‘यापेक्षा त्यात जास्त’ ही तुलना, टरफलं वेगळी आणि दाणे वेगळे हे वर्गीकरण, सगळं अर्ध्या तासात होतं आणि संध्याकाळची भाजीही होते. अट एकच, आईनं, बाबानं किंवा आजीनं तो प्रश्न विचारायला हवा आणि उत्तरासाठी थांबायला हवं. मदत म्हणून पोराला बसवलं आणि ‘सांडू नकोस’ एवढंच बोललं, तर मटार तेवढे सोलून होतील.

लिहिण्याबद्दल थोडक्यात सांगतो. बालवाडीतल्या वह्या ठिपके जोडून काढलेल्या ‘क’नं भरलेल्या असतात, कारण पालकसभेत दाखवता येईल असा पुरावा तेवढाच असतो. याला विरोध करताना मनगटातल्या हाडांचा दाखला नेहमी दिला जातो: आठांपैकी निम्मीच हाडं चार वर्षांच्या मुलाच्या क्ष-किरण चित्रात दिसतात. हे खरं आहे, पण त्यावर फार भर देऊ नये; बाकीची हाडं कूर्चेच्या रूपात तिथे असतातच आणि मूल त्याच हातानं झाडावर लोंबकळतं. खरा मुद्दा वेळेचा आहे. ‘क’ गिरवण्यात गेलेली वीस मिनिटं मूल गप्प असतं. आणि जे लवकर सुरू केल्यानं पदरात पडायचं ते पडतं का? न्यूझीलंडमध्ये पाचव्या वर्षी वाचन शिकणारी मुलं आणि सातव्या वर्षी शिकणारी मुलं यांची तुलना झाली. अकरा वर्षांची होईपर्यंत वाचनात दोघं एका पातळीवर आलेली होती. तिथली उशिरा शिकणारी मुलं त्या दोन वर्षांत रिकामी बसली नव्हती, गोष्टी ऐकत होती, हे मात्र विसरून चालणार नाही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. खेळ, गप्पा, गोष्टी हे ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत त्यांचे चोचले. ज्याच्या घरात अक्षर शिरलेलंच नाही, त्या मुलाला बालवाडीनं अक्षर नाही दिलं तर पहिलीत ते मागे पडेल, मग तुमचं बालककेंद्री शिक्षण त्याच्याच मुळावर येईल. या म्हणण्यातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. छापलेलं पान, पुस्तक धरायची रीत, आपलं नाव असं दिसतं ही ओळख, कमळ-कप-काकडी यांच्या सुरुवातीला एकच आवाज आहे हे कानाला कळणं, हे सगळं बालवाडीतच मिळायला हवं, आणि अशा घरांतल्या मुलांना तर आधी मिळायला हवं. पण ते मिळतं गोष्टीच्या पुस्तकावर बोट ठेवून बोलताना; घोकंपट्टीतून मिळतं ते चित्र, अर्थ नव्हे. आणि खेळ हा श्रीमंतांचा चोचला असता तर तो बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर रुजलाच नसता. ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांच्यासमोर होती ती वारली मुलं. घरी पाटी नव्हती, कित्येकदा पुरेसं अन्न नव्हतं, जरा मोठ्या मुलांच्या गळ्यात गुरं राखायचं काम होतं. माँटेसरींची साधनं उत्तम, पण महाग. या दोघींनी त्यांच्यामागचं तत्त्व उचललं आणि साधनं शंखशिंपले, बिया, पानं, खडे, माती यांतून उभी केली. लहान-मोठ्याचा क्रम लाकडी ठोकळ्यांनी कळतो तसा शिंपल्यांनीही कळतो. मुलांना आंघोळ घालणं, नखं काढणं हाही त्यांच्या शिक्षणाचाच भाग होता, कारण पाणी ओततानाही बोलता येतं. गुरं राखणाऱ्यांसाठी शाळा कुरणात गेली, तिला कुरणशाळा म्हणू लागले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी आणणारी विकासवाडी तिथेच घडली. म्हणजे महाराष्ट्रात बालशिक्षणाची सर्वांत मूलगामी मांडणी सर्वांत वंचित मुलांसाठी झाली. शहरी नर्सऱ्यांनी ती उसनी घेतली असती तर बरं झालं असतं. त्यांनी घेतला तो गणवेश.

दुसरा आक्षेप अभ्यासकांकडून येतो: बालशिक्षणाचा फायदा टिकतो याला पुरावा काय? उत्तर सरळ नाही. मिशिगनमधल्या पेरी बालशाळेचा दाखला सगळे देतात. १९६२ ते १९६७ या काळात १२३ कृष्णवर्णीय मुलांपैकी ५८ जणांना बालशाळा मिळाली. बुद्ध्यंकात झालेली वाढ काही वर्षांत विरून गेली, तरी चाळिशीला पोचेपर्यंत त्यांच्या हातांना काम जास्त आणि पोलिसांशी गाठ कमी असं आढळलं. उलट टेनेसी राज्यानं सरकारी बालवर्ग चालवले, सुमारे तीन हजार मुलांचा काटेकोर पाठपुरावा झाला, आणि २०२२ मध्ये निष्कर्ष आला की सहावीत पोचेपर्यंत या बालवर्गांत गेलेली मुलं न गेलेल्यांपेक्षा मागे होती. बालशिक्षणाचे पुरस्कर्ते टेनेसीचं नाव घ्यायचं टाळतात. मला ते घ्यावंसं वाटतं. कारणांबद्दल तज्ज्ञांचं एकमत नाही, पण दोन ठिकाणांमधला एक फरक डोळ्यांत भरतो. पेरीच्या शिक्षिका दर आठवड्याला मुलाच्या घरी जाऊन दीड तास आईसोबत बसत. आणि तिथून वाढलेल्या हायस्कोप पद्धतीत मूल आधी सांगतं मी आज काय करणार, मग करतं, मग काय झालं ते सांगतं. दिवसातून दोनदा मुलाला बोलायची हक्काची पाळी. टेनेसीत राज्यभर वर्ग उघडले, पण वर्गात काय घडतं त्याची अशी हमी नव्हती. तेव्हा ‘बालवाडी हवी का’ हा प्रश्नच अपुरा आहे. तिथे काय चालतं, त्यावर सगळं आहे, आणि वाईट बालवाडी निरुपद्रवी नसते.

मग घराचं काय? मजुरीवरून थकून आलेल्या आईनं आता संवादही साधायचा का, असं कुणी रागानं विचारील, आणि तो राग रास्त आहे. पण जमैकात, किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत, १९८०च्या दशकात एक प्रयोग झाला. वाढ खुंटलेली १२९ बाळं. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्याला तासभर जाई, घरातल्या टाकाऊ वस्तूंतून केलेली खेळणी घेऊन, आणि बाळाशी कसं खेळावं-बोलावं ते आईला करून दाखवी. दोन वर्षं हे चाललं. वीस वर्षांनी पाहिलं तर ही मुलं त्याच वस्तीतल्या, ही भेट न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त कमावत होती. नुसता पूरक आहार मिळालेल्यांच्या कमाईत असा फरक दिसला नाही. आहार अनावश्यक आहे असा याचा अर्थ कुणी काढू नये. भुकेलं मूल कुणाशी काय बोलणार? अर्थ एवढाच की खिचडीच्या ताटाशेजारी बसून बोलणारं माणूसही लागतं. आईला यासाठी वेगळा वेळ काढावा लागला नाही. आंघोळ, जेवण, कपडे धुणं यांतच बोलणं मिसळायला ती शिकली. ज्यांच्यापाशी वेळ आणि पैसा दोन्ही आहे त्या घरांची अडचण निराळी. तिथे मुलाशी बोलायचं काम मोबाइलवरच्या कार्टूनला आणि चार वाजताच्या ‘फोनिक्स क्लास’ला दिलेलं असतं.

आपल्याकडे हे काम कुणी करायचं ते ठरलेलं आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिनं ताराबाईंचा शब्द उचलला, आणि आज महाराष्ट्रात लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत. पण अंगणवाडीच्या ताईंचा दिवस बघा. वजन-उंची, घरपोच आहाराचं वाटप, लसीकरणाला आयांना बोलावणं, गरोदर बायांच्या भेटी, मोबाइलवर भरायची माहिती, शिवाय निवडणूक, सर्वेक्षण. यातून उरेल तो वेळ मुलांना. तमिळनाडूत ३२० अंगणवाड्यांचा अभ्यास झाला. निवड केलेल्या केंद्रांत फक्त बालशिक्षणासाठी अर्ध्या वेळेची एक जादा कार्यकर्ती नेमली. मुलांना मिळणारा शिकण्याचा वेळ दुप्पट झाला, भाषा-गणितात ती पुढे गेली, आणि आधीच्या ताईंना आहार-आरोग्याकडे पाहायला सवड मिळाल्यानं कुपोषणही घटलं. यावर ‘पैसा कुठून आणायचा’ हा प्रश्न येतोच. २००२ च्या घटनादुरुस्तीनं सहा वर्षांखालच्या मुलांचं संगोपन आणि शिक्षण राज्याच्या प्रयत्नांवर सोडलं; २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं हक्क दिला तो सहाव्या वर्षापासून. २०२० च्या धोरणानं तीन ते आठ ही वर्षं एका टप्प्यात आणली, पण धोरण म्हणजे हक्क नव्हे. ज्या वयात फरक सर्वांत स्वस्तात पडतो, त्या वयाचा हक्क कायद्याच्या बाहेर आहे.

इंग्रजीचं काय, हे विचारल्याशिवाय कुणी घरी जाणार नाही. पालकांची इंग्रजीची ओढ मी हसण्यावारी नेत नाही. नोकऱ्या कुठे आहेत ते त्यांना माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. पण दुसरी भाषाही बोलूनच येते. ज्या बालवाडीत बाईंचं स्वतःचं इंग्रजी ‘सिट डाउन’, ‘कीप क्वाएट’ आणि ‘फिंगर ऑन युअर लिप्स’पलीकडे जात नाही, तिथे मुलाला इंग्रजी मिळत नाही आणि मराठीही तोंडातच राहते. हेच कोरकू किंवा गोंडी बोलणारं मूल प्रमाण मराठीच्या अंगणवाडीत येतं तेव्हा होतं, त्याची आपण एवढी चर्चा करत नाही. ते मूल मंद नसतं. त्याला बोलायला कुणी भेटलेलं नसतं. ताईंना त्याच्या भाषेतले शंभरेक शब्द यायला हवेत, ही मागणी अवाजवी नाही.

शेवटी एक अगदी छोटी सूचना, जिला पैसा लागत नाही. बालवाडीतून घरी जाणारी गृहपाठाची वही बंद करावी आणि तिच्या जागी, मूल न्यायला आलेल्या माणसाला, मग ती आई असो, आजोबा असोत की रिक्षावाले काका, ताईंनी दारात एक वाक्य सांगावं: आज मूल कशाबद्दल बोललं. म्हणजे घरी ‘आज काय शिकवलं?’ हा प्रश्न, ज्याला प्रत्येक मूल ‘काही नाही’ असं उत्तर देतं, तो विचारावा लागणार नाही. ‘आज कुंडीत गांडूळ निघालं. त्याला डोळे असतात का, असं तिनं विचारलंय. आम्ही अजून उत्तर दिलेलं नाही.’